परवाना कुणाला द्यायचा, कुणाचा काढायचा

प्रति,
मा. पोलीस आयुक्त,
ठाणे शहर पोलीस आयुक्तालय.

महोदय,

भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एखाद्या बाईने उद्या ठरवलं की स्वतःच्या रक्षणासाठी जवळ पिस्तूल बाळगायचं, तर तिचा अर्ज कुठूनही फिरला तरी शेवटी आपल्याच टेबलावर येणार. आयुक्तालयाच्या हद्दीत शस्त्र परवाना देणं, नाकारणं, निलंबित करणं आणि रद्द करणं, हे चारही अधिकार आपले आहेत. म्हणून हे पत्र गृहमंत्र्यांना किंवा महापौरांना न लिहिता आपल्याला लिहिलं आहे, आणि ते खुलं ठेवलं आहे, कारण यातला प्रश्न एका अर्जदार बाईचा नाही.

बायकांवरच्या अत्याचाराच्या प्रत्येक मोठ्या घटनेनंतर तीच चर्चा उसळते. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत उसळली, ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईत शक्ती मिलच्या वेळी उसळली, ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच हद्दीतल्या बदलापुरात लोक रुळांवर उतरले तेव्हाही उसळली. सरकार काही करणार नसेल तर बायकांच्या हातात हत्यार द्या, असं कुणीतरी म्हणतं आणि टाळ्या पडतात. जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेने बायकांना चाकू वाटले होते. टाळ्या विरल्या की ज्या बाईला खरंच भीती आहे ती एकटी उरते, आणि तिच्या मनात अगदी व्यावहारिक प्रश्न असतात. कोणतं हत्यार? किती वजनाचं? कुठे ठेवायचं? परवाना मिळेल का? या प्रश्नांची खरी उत्तरं तिला कुणीतरी द्यायला हवीत.

सुरुवात 'निर्भीक'पासून करावी लागते. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने या नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. दिल्लीच्या त्या तरुणीला देशाने दिलेल्या नावाची आठवण त्यात उघड होती. .३२ बोअर, सहा गोळ्या, वजन सुमारे अर्धा किलो, टायटॅनियमच्या मिश्रधातूची बॉडी, सोबत दागिन्याच्या डबीसारखी शोभिवंत पेटी. बायकांच्या पर्समध्ये मावेल असं हत्यार, अशी त्याची जाहिरात झाली. तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. पुढे इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीचं 'निडर' आलं, .२२ बोअरचं, 'निर्भीक'च्या निम्म्या वजनाचं आणि बरंच स्वस्त. २०२३ मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीने 'प्रबल' आणलं, त्याचा पल्ला आधीच्यांपेक्षा मोठा. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने 'लेडीस्मिथ' हे नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वापरलं होतं आणि १९८९ मध्ये पुन्हा बाजारात आणलं. बाईच्या भीतीला गिऱ्हाईक म्हणून पाहण्याची रीत जुनीच आहे.

१,२२,३६० रुपये. निजामपुरा, इस्लामपुरा, गैबीनगर, शांतीनगर या वस्त्यांमध्ये ज्या बायका घरी बसून धागा कटिंग करतात किंवा कारखान्यात कांडी मशीनवर उभ्या राहतात, त्यांच्यापैकी कुणाच्या आयुष्यात ही रक्कम एकरकमी हातात आली असेल? भिवंडीचा माग चालतो तो हजारो घरांतल्या या कामावर. रात्रपाळी सुटली की कुणी शेअर रिक्षाने वंजारपट्टी नाक्यावर उतरते, कुणी गोदामातलं पॅकिंगचं काम संपवून माणकोली किंवा काल्हेरहून अंजूरफाट्याला येते. भीती सगळ्यात जास्त यांना आहे आणि हे रिव्हॉल्व्हर सगळ्यात लांब यांच्यापासूनच आहे.

तरीही पैशाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. समजा एखादीने, स्वतःचं दुकान असलेल्या किंवा वकिली करणाऱ्या बाईने, हत्यार घ्यायचं ठरवलं. मग तिला बोअरची निवड फारशी नसते. पोलीस आणि लष्कर वापरतं तो ९ मिमी बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे, म्हणून पर्याय .३२ आणि .२२ च्या आसपासच फिरतात. खरी निवड रिव्हॉल्व्हर की पिस्तूल ही. रिव्हॉल्व्हरला स्लाइड ओढावी लागत नाही, एखादी गोळी उडाली नाही तर पुन्हा ट्रिगर दाबला की पुढची समोर येते. पण तो ट्रिगर लांब आणि जड असतो, आणि नळी आखूड असली की नवख्या हाताचा नेम सहज चुकतो. पिस्तूल चपटं असतं, कपड्याखाली लपतं, पण त्याची स्लाइड ओढायला मनगटात जोर लागतो आणि सेफ्टी लावली आहे की काढली आहे हे घाबरलेल्या क्षणीही लक्षात राहावं लागतं. हलकं हत्यार पर्सला बरं, पण हत्यार जितकं हलकं तितका त्याचा झटका हाताला जास्त. जाहिरातीत वजनच सांगतात, झटक्याबद्दल कुणी बोलत नाही.

आणि ठेवायचं कुठे? याचं उत्तर नियमात आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी हँडगन बाळगायची तर ती होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि बाळगणाऱ्याच्या पूर्ण ताब्यात असली पाहिजे. परदेशात काही ठिकाणी लपवून बाळगण्याची वेगळी परवानगी काढावी लागते, आपल्याकडे झाकून बाळगणं हाच नियम आहे. पण होल्स्टर बनतो तो पुरुषाच्या पँटच्या पट्ट्यासाठी. साडीला पट्टा नसतो. पंजाबी ड्रेसच्या नाडीला अर्धा किलो लोखंड पेलवत नाही. निजामपुऱ्यात बुरखा घालणाऱ्या बायका पुष्कळ. बुरख्याखाली हत्यार उत्तम झाकलं जाईल, पण त्यापर्यंत हात पोहोचायला कापडाचे दोन थर बाजूला सारावे लागतील. राहिली पर्स. पर्समध्ये ठेवायचं तर त्यासाठी वेगळा कप्पा हवा, ट्रिगर झाकणारं कव्हर हवं, त्या कप्प्यात किल्ली, कंगवा, सुटे पैसे काही नको. रिक्षाच्या बाजूने मोटारसायकलवरून येऊन पर्स हिसकावणारे चोर भिवंडीला नवे नाहीत. पर्स गेली की हत्यारही गेलं, आणि मग ते ज्याच्या हातात पडेल त्याचा जाब परवानाधारक बाईलाच द्यावा लागेल.

घरी आल्यावरचं बघा. घर म्हणजे बहुधा एकच खोली. पर्स खुंटीला, आणि खुंटी मुलांच्या हाताच्या टप्प्यात. आईच्या पर्समध्ये पाच-दहा रुपये शोधायला हात घालणं हे कुठल्याही घरातलं मूल रोज करतं. कुलूपबंद पोलादी पेटी भिंतीत बसवली तर हत्यार सुरक्षित, पण मग मध्यरात्री दार वाजल्यावर ते कामाला कसं येणार? हत्यार हाताशी ठेवणं आणि हत्यार सुरक्षित ठेवणं, या दोन गोष्टींची ओढाताण दहा बाय दहाच्या खोलीत सुटत नाही.

सरावलेल्या माणसालाही हत्यार धोका देतं. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे जुहूच्या घरी अभिनेते गोविंदा कोलकात्याला जायच्या तयारीत होते. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते निसटलं, गोळी सुटली आणि पायात घुसली. ऑपरेशन करून ती काढावी लागली. पडलं तरी गोळी सुटू नये यासाठी नव्या बनावटीच्या हत्यारांत आतून अडसर असतो. जुन्या हत्यारांत तो असतोच असं नाही. बाजारात जुनं हत्यार स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ पाहणाऱ्या कुणालाही आपल्या परवाना शाखेने ही एवढी एक गोष्ट समजावून सांगितली तरी फार होईल.

सरावाचं काय? कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्या एका पदकामागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव आहे, आणि तोही उजेडात, स्थिर उभं राहून, न हलणाऱ्या लक्ष्यावर. परवान्यासाठी शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र २०१६ च्या नियमांनी मागितलं आहे, ते योग्यच आहे. पण मागावरून सुटलेल्या बाईला नेमबाजीच्या रेंजवर नियमित जाऊन सराव करणं परवडणार कसं, आणि वेळ काढायचा कुठून?

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मोजून दाखवलं होतं की चाकू घेतलेला माणूस एकवीस फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. तेवढ्यात होल्स्टरमधून हत्यार काढून नेम धरणं प्रशिक्षित पोलिसालाही जेमतेम जमतं. एकवीस फूट म्हणजे साडेसहा मीटरसुद्धा नाही. निजामपुऱ्यातल्या पुष्कळ गल्ल्या एवढ्या रुंदही नाहीत. आणि नेम चुकला तर गोळी जाते ती पत्र्याच्या भिंतीतून, जिच्यापलीकडे कुणाचं तरी घर किंवा माग आहे.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे बाईने परवाना मागूच नये? तसं मुळीच नाही. काही बायकांना खरोखर गरज असते. कुणी साक्षीदार असते, कुणावर आधी हल्ला झालेला असतो, कुणाला धमक्या देणारा जामिनावर सुटलेला असतो. अशा बाईला परवाना मागण्याचा कायदेशीर हक्क आहे आणि तिच्या अर्जाकडे गांभीर्याने बघणं हे आपलं काम आहे. वयाची अट एकवीस वर्षांची. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १४ मध्ये एक वाक्य आहे जे भिवंडीतल्या प्रत्येक बाईला माहीत असायला हवं: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. परवाना ही शेठ लोकांची गोष्ट आहे हा समज कायद्याला धरून नाही. नकार द्यायचा तर कारण लेखी नोंदवावं लागतं, आणि नकाराविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येतं. पण हे तिला सांगायचं कुणी? अर्ज आता ऑनलाइन भरायचा, पोर्टलवर कागद चढवायचे, मग पोलीस ठाण्याचा अहवाल. त्या अहवालासाठी घरी येणारा हवालदार पहिला प्रश्न विचारतो तो बाईला नसतो, घरातल्या पुरुषाला असतो.

आणि निवडणुकीचा काळ आला की तिचं हत्यारही ठाण्यात जमा करायला सांगितलं जाऊ शकतं. लोकसभा, विधानसभा, महापालिका असा निवडणुकांचा फेरा चालू राहतो. पण तिची भीती आचारसंहितेपुरती थांबत नाही.

आता या पत्रातला मुख्य मुद्दा.

बाईला धोका कुणाकडून आहे, याचं उत्तर सरकारच्याच आकडेवारीत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साली देशभरात स्त्रियांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदवले. त्यांतला सगळ्यात मोठा वाटा, ३१.४ टक्के, नवरा किंवा सासरच्या माणसांकडून होणाऱ्या क्रूरतेचा होता. बलात्काराच्या गुन्ह्यांतही आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस खोटा नाही, पण तो एकटा नाही. मोठा धोका घरात जेवतो, घरातच झोपतो. त्याच्याविरुद्ध पर्समधलं पिस्तूल काय कामाचं? पर्स त्याच खुंटीला असते आणि त्याला ती खुंटी माहीत असते.

म्हणून बाईच्या सुरक्षेच्या दृष्टीने आपल्या शस्त्र शाखेतला सगळ्यात मोलाचा कागद तिच्या नव्या परवान्याचा नाही. तो आहे तिला मारहाण करणाऱ्या माणसाचा परवाना निलंबित केल्याचा आदेश. घरात आधीपासून असलेलं हत्यार बाहेर काढणं हे घरात आणखी एक हत्यार आणण्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचं आहे.

हे केवळ मत नाही. जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अकरा शहरांत अभ्यास केला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. छळ करणाऱ्या जोडीदाराच्या हाती बंदूक येऊ शकत असेल तर त्या बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो, असं त्यात दिसलं. बंदुका बाळगण्याच्या हक्काला घटनेचं संरक्षण असलेला तो देश. तिथेही घरगुती हिंसेच्या संरक्षण आदेशाखाली असलेल्या माणसाला बंदूक बाळगू न देणारा कायदा आहे, आणि २१ जून २०२४ रोजी रहीमी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने तो कायम ठेवला. जिथे बंदूक हा हक्क आहे तिथे हे होतं. आपल्याकडे तर बंदूक हा हक्क नाही, ती आपण देता ती सवलत आहे.

हातातलं हत्यार भलत्याच कामी आल्याची महाराष्ट्रातली उदाहरणं कमी नाहीत. २४ जुलै २०२३ च्या पहाटे पुण्याच्या बाणेरमध्ये एका सहायक पोलीस आयुक्तांनी पत्नीवर आणि पुतण्यावर गोळ्या झाडल्या आणि नंतर स्वतःलाही संपवलं. हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण ज्याला पूर्ण मिळालं होतं, अशा माणसाच्या घरात हे घडलं. २ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्याच हद्दीत, उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये एका आमदारावर राजकीय विरोधकावर गोळीबार केल्याचा गुन्हा दाखल झाला. जुलै २०२४ मध्ये मुळशीतल्या जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवल्याच्या आरोपावरून एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या आईला अटक झाली, आणि पुणे पोलिसांना तिच्या परवान्याची फाईल उघडावी लागली. शेवटचं उदाहरण मुद्दाम दिलं आहे. परवानाधारक बाई असली की हत्यार आपोआप स्वसंरक्षणाचं होतं, असंही नाही.

शस्त्र अधिनियमाचं कलम १७ आपल्या हाताशी आहे. सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षेसाठी आवश्यक वाटलं तर परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार ते कलम देतं. नुसता गुन्हा दाखल आहे म्हणून यांत्रिकपणे परवाना काढता येणार नाही, असं न्यायालयांनी अनेकदा बजावलं आहे, आणि ते बरोबर आहे. पण त्याचा अर्थ फाईल उघडूच नये असा होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली, म्हणजे जुन्या ४९८-अ खाली, गुन्हा नोंदवला गेला, किंवा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांनी संरक्षण आदेश दिला, की त्या माणसाच्या नावावर शस्त्र परवाना आहे का हे त्याच दिवशी तपासलं जावं. असेल तर त्याला नोटीस, त्याचं म्हणणं, आणि तोपर्यंत हत्यार ठाण्यात. आचारसंहितेत नागरिकांची हत्यारं जमा करून घेण्याची यंत्रणा आपल्याकडे आहेच. तीच यंत्रणा एका बाईच्या जिवासाठी चालवायची आहे.

परवाना नसलेल्या हत्याराचं वेगळं. गावठी कट्टा घरात आहे हे अनेकदा बायकोलाच आधी माहीत असतं. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना हत्यार बाळगण्याला किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. पण ती बाई ते सांगणार केव्हा? तिचं नाव बाहेर फुटणार नाही याची खात्री असेल तेव्हाच.

ही खात्री ठाण्याच्या दारात मिळते किंवा तिथेच हरवते. महोदय, ठाणे अंमलदारासमोर उभ्या असलेल्या बाईला काय ऐकावं लागतं ते आपल्याला माहीत आहे. घरातलं भांडण आहे, समजूत काढा. नवऱ्याला बोलावतो, दम देतो. एनसी घेतो, चालेल? एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा, कागद हातात घेऊन ती घरी जाते, आणि संध्याकाळी तो कागद ज्याच्याविरुद्ध आहे तो तिच्यासमोर बसलेला असतो. बदलापुरात लैंगिक अत्याचार झालेल्या दोन लहान मुलींच्या पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावं लागलं. त्यातून काय झालं ते साऱ्या राज्याने पाहिलं. संबंधित पोलिसांना निलंबित करण्याची वेळ सरकारवर आली. अशा गुन्ह्याची माहिती नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसालाच भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षांची सश्रम कैद आहे. निजामपुरा ठाण्याच्या भिंतीवर हे कलम मोठ्या अक्षरांत लावलं तर त्याला कुणाचा विरोध असेल?

नागपूरचं एक प्रकरण इथे सांगितलंच पाहिजे. कस्तुरबानगरातल्या बायकांना अक्कू यादव नावाच्या गुंडाने वर्षानुवर्षं छळलं. १३ ऑगस्ट २००४ रोजी जिल्हा न्यायालयाच्या आवारात, कोर्टाच्या खोलीत, शेकडोंच्या जमावाने मिरची पूड आणि घरातल्या सुऱ्या घेऊन त्याला ठार केलं, आणि त्या जमावात बायका पुढे होत्या. आपल्या तक्रारी पोलिसांनी कधी ऐकल्याच नाहीत, असं वस्ती सांगत राहिली. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. पुष्कळ लोक या घटनेकडे अभिमानाने बघतात. या पत्रात तो अभिमान नाही. कोर्टात बसलेल्या, पोलिसांच्या ताब्यातल्या माणसाला मारणं हे स्वसंरक्षण नव्हे. प्रकरण त्या थराला पोहोचलं, कारण त्याआधीच्या प्रत्येक पायरीवर दार बंद होतं.

खरं स्वसंरक्षण कायद्याने पूर्ण मान्य केलं आहे, आणि त्यासाठी परवाना लागत नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ हा हक्क देतात. बलात्काराच्या हेतूने हल्ला झाला, अपहरणासाठी झाला, ॲसिड फेकण्याचा प्रयत्न झाला, तर प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही, हे कलम ३८ सांगतं. ॲसिडचा मुद्दा २०१३ मध्ये कायद्यात आला. २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हल्ला झालेल्या माणसाने पळूनच जायला हवं, अशी अपेक्षा कायदा ठेवत नाही. लाटणं, पातेलं, मिरची पूड, दुकानात मिळणारा मिरचीचा स्प्रे, जे हातात येईल ते. पण हे सांगायला एकही पोलीस अधिकारी निजामपुऱ्यातल्या बायकांच्या बैठकीत कधी बसला आहे का? बाईला भीती दोन गोष्टींची असते. आधी हल्लेखोराची, नंतर आपल्यालाच आत टाकतील याची.

भिवंडीला पोलिसांवरचा विश्वास आणि अविश्वास या दोन्हींची आठवण आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे शहर पोळलं. ५ जुलै २००६ ला कोटरगेट भागात पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून उसळलेल्या हिंसाचारात पोलिसांच्या गोळीबाराने नागरिकांचे जीव गेले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारलं. पण याच शहरात त्याआधी वेगळं काही घडलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या बांधल्या. त्यात पुढारी कमी आणि मागवाले, दुकानदार, शेजारीपाजारी जास्त होते. पोलीस आणि वस्ती यांची ओळख दंगलीच्या दिवशी नव्हे, आधीच व्हावी हा त्यामागचा विचार. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. शस्त्र परवाने वाढवून हे साधलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या माणसाला हवालदाराचं नाव माहीत होतं आणि हवालदाराला त्याचं, एवढ्यावर ते उभं होतं.

त्या समित्यांत बायकांचा आवाज फार थोडा होता. आता तीच रचना बायकांसाठी, बायकांच्या हातात उभी करावी. पोलीस ठाण्यांत महिला दक्षता समित्या कागदावर आहेत, भरोसा सेल आहे, ११२ हा मदत क्रमांक आहे. निजामपुऱ्याच्या दक्षता समितीत कांडीवाल्या बायका असाव्यात, धागा कटिंग करणाऱ्या असाव्यात, पद्मशाली तेलुगू घरांतल्या असाव्यात, कोकणी मुस्लीम आणि उत्तर प्रदेशातून आलेल्या घरांतल्या असाव्यात. बैठक ठाण्यात नको, मोहल्ल्यातल्या एखाद्या शाळेत घ्या, पाळी सुटल्यावर घ्या. रात्रपाळी सुटण्याच्या वेळेला वंजारपट्टी, कल्याण नाका, धामणकर नाका आणि अंजूरफाटा इथे बीट मार्शलची गस्त ठरलेल्या वेळी असावी, आणि ती वेळ बायकांना आधी माहीत असावी. नाकाबंदीत रिक्षावाल्यांची लायसनं तपासली जातात, तशी रात्री एकट्या बाईला घेऊन जाणाऱ्या रिक्षाचा नंबर नोंदवून घेण्याची सोय व्हावी.

ज्या बायकांना खरंच शस्त्र परवान्याची गरज आहे, त्यांच्यासाठी आयुक्तालयात आठवड्यातून एक दिवस महिला अधिकाऱ्याची खिडकी असावी. तिथे त्यांना हत्याराचा खर्च, झटका, सराव, मुलं असलेल्या घरातला धोका, हे सगळं खरं खरं सांगितलं जावं. मग निर्णय तिचा. तिचा अर्ज ठरलेल्या मुदतीत निकाली निघावा आणि नकाराचं कारण तिच्या भाषेत तिच्या हातात पडावं.

आणि या पत्राच्या उत्तरात काही आकडे हवेत. निजामपुरा पोलीस ठाण्याच्या हद्दीत आज एकूण किती शस्त्र परवाने चालू आहेत? त्यांतले बायकांच्या नावावर किती? गेल्या पाच वर्षांत किती बायकांनी अर्ज केले, किती मंजूर झाले, किती नाकारले? किती परवानाधारकांविरुद्ध पत्नीच्या किंवा घरातल्या बाईच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला? आणि त्यांच्यापैकी किती जणांचा परवाना कलम १७ खाली निलंबित झाला, किती जणांचं हत्यार अजून घरात आहे?

या माहितीत कुणाचं नाव नको, पत्ता नको. नुसते आकडे, दर सहा महिन्यांनी, निजामपुरा पोलीस ठाण्याच्या बाहेरच्या फलकावर, मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू या चारही भाषांत.

आपले विश्वासू,
निजामपुरा, भिवंडी येथील एक नागरिक